साडेदहाचा फोन

गुरुप्रसाद आहेर मूळचा नाशिकचा. दोह्याला आला तेव्हा एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होता. पुढे धरसोड करत करत एका फुटबॉल क्लबात चिकटला, त्यालाही आता सात वर्षं झाली होती. क्लब दुसऱ्या श्रेणीतला, स्टेडियम लहान, पण बाहेरदेशचे चार-पाच खेळाडू दर वर्षी यायचे. त्याच्या ओळखपत्रावर 'प्लेयर लायझन' असं छापलेलं होतं. म्हणजे नक्की काय, असं नाशिकच्या बहिणीने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "आलेल्या माणसाचा संसार मांडून द्यायचा आणि गेला की आवरून ठेवायचा." विमानतळावर घ्यायला जायचं, घर बघायचं, बँक, गाडी, रेसिडेन्सीचं कार्ड, दाताचा डॉक्टर, मुलांची शाळा. स्वतः तो कधी फुटबॉल खेळला नव्हता. पण परक्या गावात पहिल्या आठवड्यात माणूस कशाकशाने कावराबावरा होतो, ते त्याला अचूक कळायचं.

क्रेग थॉर्नली आला तो ऑगस्टच्या भर उकाड्यात. इंग्लंडचा स्ट्रायकर, छत्तीस वर्षांचा, डाव्या भुवईत टाक्यांची खूण. फाइलमध्ये त्याच्या क्लबांची यादी दीड पान होती. सतराव्या वर्षी गावच्या क्लबापासून सुरुवात, मग इंग्लंडातल्याच खालच्या श्रेणीत पाच-सहा ठिकाणी, मग स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया, थायलंड, मलेशिया, भारत, सायप्रस, बहरीन. सोळा क्लब, आता कतार धरून नऊ देश. एवढं फिरलेला माणूस आखडू असेल असं गुरुप्रसादला वाटलं होतं. गाडीत बसता बसता क्रेगने त्याला विचारलं, तू कुठला. पुण्याच्या वर नाशिक म्हणून गाव आहे, असं सांगताच क्रेग हसला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "चला, पुढे."

पुण्यात एक हंगाम काढला होता त्याने. "माझ्या कोचपेक्षा मला तिथल्या रिक्षावाल्यांनी जास्त शिकवलं," तो म्हणाला. बोलणं इंग्रजीतूनच व्हायचं, पण ते दोन शब्द तो कुठेही पेरायचा. गुरुप्रसादला तो 'प्रसाद' म्हणायचा. गाडीत मागे कधी बसला नाही, पुढेच बसायचा, गुडघे डॅशबोर्डला टेकवून.

क्लबाने त्याला अबू हमूर भागातल्या एका कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीत, घर दिलं होतं, गुरुप्रसादच्या घरापासून गाडीने सात मिनिटांवर. गुरुप्रसाद, त्याची बायको उल्का आणि दहावीतली मुलगी अंतरा एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहायचे. उल्का एका फार्मसीत काम करायची. शनिवारी क्रेग अधूनमधून जेवायला यायचा. एकटाच होता तो. लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती. मटकीची उसळ आवडीने खायचा आणि खाता खाता वडिलांच्या गोष्टी सांगायचा.

वडील मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमचे, निवृत्त बसचालक. आई क्रेगच्या लहानपणीच गेली. त्याला आणि डोनाला, म्हणजे थोरल्या बहिणीला, वडिलांनीच वाढवलं. क्रेगच्या सरावाच्या वेळा सांभाळायला म्हातारा सहा वर्षं पहाटेची पाळी करत राहिला. मुलगा नव्या देशात गेला की हा गावच्या वाचनालयात जाऊन त्या देशावरचं पुस्तक घेऊन यायचा. दर रविवारी फोन, आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: चेंडू मिळतोय ना तुला? स्ट्रायकरला मागून चेंडू पुरवणारं कुणी नसेल तर तो नुसता उभा राहतो, हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीत वडिलांच्या फुप्फुसांचं दुखणं बळावलं. फेब्रुवारीत क्लबाने चार दिवस सोडलं, तेव्हा क्रेग जाऊन आला. आल्यावर त्याने गुरुप्रसादचा नंबर डोनाला देऊन ठेवला. "मैदानावर असलो की माझा फोन माझ्याकडे नसतो," तो तिला सांगत होता, गुरुप्रसाद शेजारीच होता. "प्रसादला कर. तो मला कुठूनही गाठेल."

एप्रिलच्या एका गुरुवारी शेवटचा सामना होता. जिंकला तर क्लब वरच्या श्रेणीत, हरला तर आहे तिथेच, आणि आहे तिथेच राहिलं तर निम्म्या लोकांचे करार वाढणार नाहीत, अशी बोलवा महिनाभर चालू होती. संघ आदल्या दिवशीच हॉटेलात राहायला गेला होता. तिथला नियम असा, की सामन्याच्या दिवशी नऊ वाजता सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत जमा व्हायचे आणि ती पिशवी गुरुप्रसादच्या ताब्यात राहायची.

साडेदहाला त्याचा स्वतःचा फोन वाजला. डोना होती.

"क्रेग उचलत नाहीये," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "बाबांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन दिवस. किंवा आजच. शुद्धीत आहेत, बोलतायत. त्याला सांग, पहिल्या विमानाने निघ. आणि त्याआधी मला फोन कर, मी बाबांच्या कानाशी धरते."

"हो, सांगतो," गुरुप्रसाद म्हणाला.

मनात तेच होतं त्याच्या. तो कॉरिडॉरमधून मीटिंगच्या हॉलकडे निघालासुद्धा. दारावरच्या काचेतून क्रेग दिसत होता, पाय लांब करून फळ्याकडे बघत बसलेला. दाराशी टीम मॅनेजर उभा होता. त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणायचे. गुरुप्रसादने हळू आवाजात काय ते सांगितलं.

कॅप्टनने दार लोटून घेतलं. "डॉक्टर दोन दिवस म्हणाले ना? मग रात्रीचं विमान आहे. मॅच झाली की सांग."

"ती म्हणाली, आजही होऊ शकतं."

कॅप्टनने दाराच्या मुठीवर हात ठेवला. मग म्हणाला, "हे बघ, मी काहीच ऐकलेलं नाही. फोन तुला आला. काय करायचं ते तू ठरव." आणि आत निघून गेला.

पुढे कित्येक दिवस गुरुप्रसाद त्या दाराशी मनाने परत जात राहिला. कॅप्टनने 'सांगू नको' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. निदान कुणाच्या तरी हुकमामागे लपता आलं असतं. पण कॅप्टनने दार लोटलं होतं, कडी घातली नव्हती. आत जायला दोन पावलं होती. ती त्याने टाकली नाहीत. करार, अंतराची शाळा, महिनाभराची ती बोलवा, सगळं त्या दोन पावलांच्या मध्ये येऊन उभं राहिलं. दोन दिवस म्हणालेत, त्याने स्वतःला बजावलं. रात्रीचं तिकीट आत्ताच काढून ठेवतो. आणि त्याने खरंच तिकीट काढलं, रात्री दीडचं. दुपारी एक चाळीसच्या मँचेस्टरच्या विमानात अकरा जागा शिल्लक असल्याचं त्याच स्क्रीनवर दिसत होतं.

दुपारी तो कपडे बदलायला घरी आला. उल्काची त्या दिवशी सुट्टी होती. ती स्वयंपाकघरात ओट्याशी काकडी चोचवत होती. एक वाजता पुन्हा डोनाचा फोन. ती रडवेली झाली होती. क्रेगने अजून फोन का केला नाही, निरोप मिळाला की नाही, बाबा सारखे दाराकडे बघतायत.

"निरोप दिलाय मी त्याला," गुरुप्रसाद म्हणाला. "करेल तो."

हे वाक्य तोंडातून कसं गेलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. फोन बंद व्हावा एवढंच त्या क्षणी त्याला हवं होतं.

उल्काने सुरी खाली ठेवली. "काय झालं?"

"काही नाही. क्रेगची बहीण. वडिलांचं जरा जास्त आहे."

"मग तो निघाला का?"

"मॅच झाली की जाईल," असं म्हणून तो शर्टाची बटणं लावत बाहेर पडला.

सामना साडेपाचला सुरू झाला. त्या संध्याकाळी क्रेग असा खेळला की हंगामभरात तसा खेळला नव्हता. पहिला गोल डोक्याने, दुसरा बचावपटूला पाठीवर घेऊन, वळून, डाव्या पायाने. क्लब दोन-शून्यने जिंकला. लोक मैदानात उतरले, त्याला खांद्यावर घेतलं. गुरुप्रसाद बोगद्याच्या तोंडाशी ती कापडी पिशवी छातीशी धरून उभा होता आणि घड्याळाकडे बघत होता.

आठ वाजता ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात त्याने सांगितलं. "डोनाचा फोन होता. वडिलांची तब्येत बिघडली आहे. रात्री दीडचं तिकीट काढलंय." फोन कधी आला ते त्याने सांगितलं नाही, आणि क्रेगने विचारलं नाही. क्रेगने पिशवीतून आपला फोन घेतला आणि डोनाला लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्या खेपेला फोन कापला गेला आणि मेसेज आला. क्रेगने तो वाचून गुरुप्रसादसमोर धरला, याचा अर्थ काय, असं विचारल्यासारखा. मेसेज चार शब्दांचा होता: 'आता वेळ मिळाला तुला?'

"घाबरलीय ती," क्रेग म्हणाला. "घाबरली की अशीच बोलते."

गुरुप्रसादने मान हलवली.

मग त्यानेच क्रेगला विमानतळावर सोडलं. क्रेग सकाळी साडेसहाला मँचेस्टरला उतरला. वडील पहाटे साडेचारला गेले होते.

दहा-बारा दिवसांनी क्रेग परत आला. सामने संपले होते, पण मे अखेरपर्यंत करार होता, घर आवरायचं होतं. पहिल्याच शनिवारी उल्काने त्याला जेवायला बोलावलं. तो वाळला होता. अंतराने शाळेच्या इंग्रजीत त्याचं सांत्वन केलं, त्याने तिचे आभार मानले. भात पुढ्यात तसाच ठेवून तो डोनाबद्दल बोलू लागला.

"दफनाच्या दिवशी ती माझ्याजवळ उभीसुद्धा राहिली नाही," तो म्हणाला. "म्हणते, तुला सकाळपासून माहीत होतं. मी सकाळी फोन केला, दुपारी केला, तुझ्या माणसाने निरोप दिल्याचं सांगितलं. मी म्हटलं, मला आठ वाजता कळलं. तर म्हणाली, तोंडावर खोटं बोलतोस." त्याने वर बघितलं. "तिने केला होता का फोन, प्रसाद? सकाळी?"

उल्का भाकरी वाढता वाढता थांबली.

गुरुप्रसाद म्हणाला, "हॉटेलात नेटवर्कची बोंब असते. लावला असेल तिने, लागला नसेल."

"मला वाटलंच," क्रेग म्हणाला. "रात्र रात्र जागत होती बिचारी. डोक्यात सगळं उलटसुलट झालंय तिच्या." आणि थोड्या वेळाने, "तू होतास ते बरं. तू आहेस म्हणून मला कळलं तरी. तिने तर फोन उचललाच नाही."

क्रेग गेल्यावर उल्का बराच वेळ भांडी आवरत राहिली. अंतरा खोलीत गेल्याचं बघून मग बोलली.

"त्या बाईला तू वेडी ठरवलंस."

"मी असं काही म्हणालो नाही."

"मग काय म्हणालास? मी इथेच होते प्रसाद, या ओट्याशी. निरोप दिलाय म्हणालास तू तिला. माझ्या कानांनी ऐकलंय."

तो खुर्चीत बसला. "आता सांगून काय होणार आहे? वडील परत येणार आहेत त्याचे?"

"वडील नाही येणार. बहीण येईल." ती पदराला हात पुसत समोर बसली. "त्याचं दुसरं आहे कोण आता?"

त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. ओरडली असती तर ते त्याला सोपं गेलं असतं.

त्या आठ दिवसांत त्याला सारखे इकबालभाई आठवले. चिपळूणचे इकबाल परकार, बांधकाम कंपनीतले त्याचे पहिले साहेब. पंधरा वर्षांपूर्वी नाशिकहून असाच फोन आला होता, गुरुप्रसादच्या वडिलांना झटका आल्याचा. तेव्हा देशाबाहेर जायचं तर कंपनीची लेखी परवानगी लागायची, आणि ती मिळवता मिळवता लोकांचे आठवडे जायचे. इकबालभाईंनी भर उन्हात काँक्रीट ओतायचं काम अर्ध्यात थांबवून त्याला साइटवरून उचललं, स्वतः गाडी चालवत ऑफिसात नेलं, दोन तास एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर भांडले आणि संध्याकाळच्या विमानात बसवून दिलं. वर म्हणाले, "बाकीचा मी बघतंय. तू जा रे, बापूस वाट बघत आसल." वडील भेटले. बोलले. जेवलास का, एवढंच बोलले, पण बोलले. त्या काँक्रीटच्या नुकसानीबद्दल इकबालभाईंना वरून काय ऐकावं लागलं, ते गुरुप्रसादला दुसऱ्या कुणाकडून तरी वर्षभराने कळलं होतं.

आपल्याला कुणीतरी जे दिलं, तेच दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा आपण पिशवी धरून उभे राहिलो. हा विचार आला की त्याला हातातलं काम सुचायचं नाही. रेसिडेन्सी ऑफिसच्या रांगेत त्याचा नंबर दोनदा पुकारून गेला, त्याला ऐकू आला नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी क्रेगचाच फोन आला. उंच इमारती नसतील अशा ठिकाणचा समुद्र बघायचाय, म्हणाला. गुरुप्रसाद त्याला उत्तरेला अल रुवैसला घेऊन गेला. दीड तासाचा सरळ रस्ता. क्रेग पुढे बसला होता, वडिलांची कुठली कुठली आठवण काढत होता, एकदा स्वतःशीच हसलाही. तीन वेळा गुरुप्रसादने बोलायला तोंड उघडलं आणि तीन वेळा एसीचं बटण फिरवलं.

बंदरात मच्छिमार होड्या लागल्या होत्या. धक्क्यावर मासे धरायचे तारेचे घुमटासारखे पिंजरे एकावर एक रचून ठेवले होते. शुक्रवार, त्यामुळे माणसं तुरळक. दोघं धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले.

"क्रेग," गुरुप्रसाद म्हणाला, "डोना खोटं बोलत नाहीये."

क्रेगने वळून बघितलं.

"तिचा फोन मला सकाळीच आला होता. मी तुला सांगितलं नाही. दुपारी पुन्हा आला, तेव्हा मी तिला सांगितलं की निरोप दिलाय. दिला नव्हता."

क्रेगने विचारलं, "किती वाजता?"

"साडेदहा."

"साडेदहाला मी कुठे होतो?"

"मीटिंग हॉलमध्ये. मी दारापर्यंत आलो होतो."

"विमान होतं?"

"एक चाळीसचं."

"जागा?"

गुरुप्रसादला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. "होत्या," तो म्हणाला. "अकरा."

क्रेग मनात हिशेब करत होता, ते दिसत होतं. एक चाळीस, सात-साडेसात तासांचा प्रवास, दोन तासांचा फरक, विमानतळापासून इस्पितळ. त्याने समुद्राकडे तोंड केलं. "आठला पोचलो असतो," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी आठला."

"हो."

"कुणी सांगितलं तुला, लपव म्हणून?"

कॅप्टनचं नाव ओठांवर आलं. "कुणीच नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "मीच."

क्रेग मारेल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर त्याने हात वर केला नसता. पण क्रेग पिंजऱ्यांच्या ढिगाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, तारेत बोटं अडकवून. मग मागे न बघता म्हणाला, "तिला फोन लाव. मी लावला तर ती उचलणार नाही. तुझ्या तोंडाने सांग तिला."

गुरुप्रसादने लावला. इंग्लंडात सकाळचे नऊ वाजत होते. डोनाने उचलला. तो कोण, हे सांगून त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं, साडेदहाचं, एकचं, आठचं, आणि जेवणाच्या टेबलावरचं नेटवर्कचं खोटंही. क्षमा मागितली. फोन कट झाला की काय म्हणून त्याने स्क्रीन बघितली.

"म्हणजे त्याला माहीतच नव्हतं," डोना म्हणाली.

"नाही."

"बाबा सारखे विचारत होते, क्रेग निघाला का." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द तपासून बघितल्यासारखी. "इथल्या चार वाजेपर्यंत मी सांगत राहिले, निघाला असेल. मग फोनवर बघितलं, तर हा मॅच खेळतोय. गोल केलेत. मला इतका राग आला. मी बाबांना सांगितलं, तो येत नाहीये, त्याला मॅच महत्त्वाची आहे."

गुरुप्रसाद तिथेच धक्क्याच्या कठड्यावर बसला.

"त्यांनी विचारलं, जिंकतोय का," डोना म्हणाली. "मी तेसुद्धा सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले. मग त्याचे फोन आले आणि मी कापले. बाबा तेव्हा जागे होते. आणखी तीन-चार तास जागे होते." तिचा आवाज तिथे फुटला. "त्याला दे फोन."

त्याने उठून क्रेगला फोन दिला आणि दूर जाऊन उभा राहिला. काय बोलणं झालं ते त्याला ऐकू आलं नाही. क्रेग आधी उभा होता, मग उकिडवा बसला. एकदा त्याने मोकळा हात डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तो बोलू लागला, हळू, थांबत थांबत, लहान मुलाची समजूत घालावी तसा. त्याच्या बोलण्याच्या सुरावरून गुरुप्रसादला कळलं, की तो तिला दोष देत नाहीये. आपण केलेल्या गोष्टीचं ओझं आता त्या बाईच्या डोक्यावर जन्मभर राहणार, आणि तिचा भाऊ ते आपल्यासमोर उचलू बघतोय, हे त्याला उन्हात उभं राहून बघावं लागलं. खरं सांगितल्यावर मोकळं वाटेल असं त्याने कुठे तरी धरून ठेवलं होतं. तसं काही वाटलं नाही.

परत जाताना क्रेग गाडीत मागे बसला. कंपाउंडच्या फाटकाशी उतरताना फक्त म्हणाला, "उद्यापासून दुसऱ्या कुणाला पाठव."

गुरुप्रसादने घरी येऊन उल्काला सगळं सांगितलं. डोनाने वडिलांना काय सांगितलं होतं, ते ऐकल्यावर उल्का डोळे मिटून बसली. तिने त्याला शाबासकी दिली नाही, दोषही दिला नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला.

रविवारी त्याने कॅप्टनला गाठून सांगितलं, की क्रेगला आता खरं काय ते माहीत आहे. "कशाला सांगितलंस?" कॅप्टन म्हणाला. "खलास झालं होतं ते." त्याच आठवड्यात नव्या करारांचे कागद आले. गुरुप्रसादचाही होता, दोन वर्षांचा. जे जाईल या भीतीने ते सगळं झालं, ते कधी धोक्यात नव्हतंच, हे ऑफिसातल्या कारकुनाच्या सहज बोलण्यातून कळलं. त्याचं नाव यादीत फेब्रुवारीपासून पक्कं होतं. तो कागद त्याने तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. चौथ्या दिवशी सही केली. अंतराची शाळा होती, घर होतं. सही करताना त्याला स्वतःची शिसारी आली, तरी त्याने ती केली.

नव्या हंगामाच्या आधी त्याने कॅप्टनला एवढंच सांगितलं, की पिशवी यापुढे तो सांभाळणार नाही, आणि खेळाडूच्या घरून फोन आला तर तो हॉलमध्ये जाऊन जागेवर सांगणार. कॅप्टनने खांदे उडवले.

क्रेग मे अखेरीस गेला. त्याचं कार्ड रद्द करणं, सामानाची खोकी, बँकेचं खातं, सगळं गुरुप्रसादने केलं, पण सह्यांसाठी कागद ड्रायव्हरच्या हाती पाठवले. जायच्या दिवशी क्रेग स्टेडियमवर सगळ्यांचा निरोप घ्यायला आला. माळी, धोबी, फिजिओ, प्रत्येकाला मिठी मारली. गुरुप्रसादसमोर आला तेव्हा थांबला. त्याच्याकडे बघितलं. गुरुप्रसादने हात पुढे केला नाही, तेवढा अधिकार आपल्याला उरलेला नाही असं त्याला वाटलं. क्रेगनेही केला नाही. पुढच्या माणसाकडे वळला.

ऑगस्टमध्ये, खूप दिवस लिहू की नको करत, गुरुप्रसादने डोनाला एक पत्र मेसेजवर पाठवलं. सबबी सांगितल्या नाहीत. इकबालभाईंची हकिकत लिहिली होती, ती शेवटी खोडून टाकली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. शनिवारी दुपारी, जेवणं चालू असताना. त्याने ते वाचलं आणि मग उल्कासाठी मराठीत करून सांगितलं:

'क्रेग आता माझ्याकडेच राहतो. इथल्या एका छोट्या क्लबात खेळतो, गुडघा साथ देईल तोवर. आम्ही दोघं बाबांबद्दल बोलतो, सगळं बोलतो. तुझं नाव त्याला ऐकायचं नाही. मलाही नाही. पण तू फोन केलास, नाहीतर आम्ही दोघं असेच अबोल्यात मेलो असतो. यापुढे लिहू नकोस.'

"नको लिहूस मग," उल्का म्हणाली.

"नाही," गुरुप्रसाद म्हणाला. त्याने नंबर पुसला नाही, फोन उपडा ठेवला, आणि अंतराने ताट पुढे सरकवलं तेव्हा तिला काय हवंय ते विचारलं.